फुटामागे एक सूत

दिवाळी तोंडावर आली की आमच्या सोसायटीत कुणाकडे तरी रंगकाम निघतंच. यंदा समोरच्या फ्लॅटमध्ये निघालं. दाराला पॉलिश, खिडक्यांच्या चौकटींना व्हार्निश, जिन्यात पसरलेली वर्तमानपत्रं, आणि लिफ्टमध्ये कोंडलेला तो वास. लोक नाकाला रुमाल लावून जातात. मी मात्र काही ना काही निमित्त काढून दोनदा खाली जाऊन येतो. परवा सुमन, म्हणजे माझी बायको, दारातूनच म्हणाली, "पुरे झालं की हुंगणं. दूध आणायला गेलता का व्हार्निश प्यायला?" म्हणाली खरी, पण दार लावून न घेता तीही तिथंच उभी राहिली होती.

त्या वासाबरोबर मला एकच मोसम आठवतो. दसऱ्यापासून थंडी पडेपर्यंतचा. साल सत्तरच्या पुढचं आणि पंच्याहत्तरच्या अलीकडचं, नेमकं विचाराल तर सुमनला विचारावं लागेल. पिंपळे गुरव तेव्हा गावच होतं. आम्ही तात्यांच्या वाडग्यातल्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. तात्यांनी बैल विकून टाकले होते आणि त्यांचा गोठा रिकामा पडला होता. मागच्या दारानं निघालं की ज्वारीच्या कडेकडेनं पाच मिनिटांत पवनेचा काठ. पाऊस सरल्यावर नदी भरलेली, पण शांत असायची. तळाचे गोटे दिसायचे. आज त्याच काठावरच्या उंच इमारतींतून नदी बघावी तर पाण्याऐवजी जलपर्णीच दिसते, हिरवीगार, एखाद्याला लॉन वाटेल अशी.

मी पॅटर्नमेकर होतो. असं सांगितलं की लोकांना वाटतं, हा साड्यांची डिझाइनं काढत असणार. तसं नाही. बिडाचा कुठलाही ओतीव भाग, मग तो पंपाचा असो की इंजिनाचा, आधी लाकडात जन्माला येतो. आम्ही त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करायचा. मोल्डरनं तो वाळूत दाबून अलगद काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. भाग निवला, घासूनपुसून तयार झाला की सगळे त्याच्याभोवती जमतात. लाकडाकडे कोण बघतो? त्यावर नंबर पडतो आणि ते स्टोअरच्या मांडणीवर जातं. डिझाइन बदललं की कँटीनच्या चुलीत. आमच्याकडे लाकडाला रंग देतात तोसुद्धा दुसऱ्यासाठी. पिवळा म्हणजे इथं मशिनिंग होणार, काळा म्हणजे इथं कोअर, आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा, बसणार. लाकडाचे रेषे कधी कुणाला दिसतच नाहीत.

ऐन उमेदीची वर्षं मी अशी वाळूत घातली होती. घरात पाट केले होते, स्टूल केलं होतं, पण तो हातचा मळ. माझ्या हाताला येत होती ती वळणं, पोटात फुगून टोकाला निमुळती होणारी, आणि ती वळणं फक्त वाळूलाच कळत होती. एकदा तरी असं काही करायचं की जे लाकूड म्हणून जगेल, लाकूड म्हणून वापरलं जाईल, एवढंच माझ्या मनात होतं. हे बोलून दाखवायची सोय नव्हती. कायम नोकरी, वेळेवर पगार, वर दिवाळीला बोनस. अशा माणसाला दुःख असतं हे कोण मान्य करणार?

त्या सुमारास कंपनीत एक इंग्रज साहेब आला होता. तिकडं मागं राहिलेल्या त्याच्या मुलीसाठी मी एक डुलणारा घोडा करून दिला होता. बायकापोरांना आणायला तो मायदेशी निघाला तेव्हा सामान जहाजानं येणार होतं, म्हणून चार-सहा जणांना त्यानं विचारलं, तुमच्यासाठी काय आणू? कुणी घड्याळ सांगितलं, कुणी ब्लेडची पाकिटं, बहुतेकांनी बायकोसाठी नायलॉनची साडी. साहेबाच्या टेबलावर एक कॅटलॉग पडलेला होता, त्याच्या छंदाचा. त्यात कयाक होत्या. कयाक म्हणजे एकट्यानं बसून दोन्ही बाजूंनी वल्हं मारायची लांबट, वरून झाकलेली होडी. ती आयती येत नाही. कापलेले प्लायचे तुकडे पेटीतून येतात, जोडायचं आपण. मी त्या पानावर बोट ठेवलं. साहेब हसला, पानं फाडून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, घरी विचारून नीट निवड कर.

घरी विचारलं. "सगळ्यांच्या बायकांला साड्या येणार," सुमन म्हणाली, "आन माझ्या दारात होडी?" तोंड फिरवून ती भाकऱ्या थापायला लागली. पण पानं चुलीशेजारी पडली होती आणि तिची नजर तिकडं जात होती. ती मावळातली, पवनेच्याच वरच्या अंगाची. लहानपणी पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकलेली. मी जालन्याकडचा. आमच्याकडे नदी म्हणजे वाळू, आणि पोहणं म्हणजे विहिरीत पडलेल्या माणसानं करायची गोष्ट. मला त्या पानांवरची सगळ्यात निमुळती होडी आवडली होती, हात फिरवत बसावं अशी.

"ही न्हाई टिकायची," भाकरी उलटता उलटता ती म्हणाली. "बूड बघा की तिचं. जरा कड घेतली का उलथी."

"मग कुठली घ्यावी?"

पिठाचं बोट तिनं तिसऱ्या चित्रावर टेकवलं. आखूड, पसरट, जरा बोजड. "ही. म्हशीवानी हाय, पण बुडणार न्हाई. तुमाला नदीत टाकायचीय का भितीवर टांगायचीय?"

म्हैसच मागवली. पुढं तिचं नावच म्हैस पडलं, आणि बैलांच्या गोठ्यात म्हैस बांधल्याबद्दल तात्यांनी आमची बरीच चेष्टा केली.

गणपती गेले आणि पेटी आली. ऐन पावसात मुंबईच्या गोदीत भिजत पडलेली. आत प्लायचे तुकडे, तांब्याच्या तारेचं भेंडोळं, रेझिनचे डबे, काचेच्या धाग्यांची पांढरी पट्टी आणि एक नकाशा. तुकड्यांच्या कडांना ओळीनं बारीक भोकं. ती तारेनं टाचत जायचं, होडीचा आकार उभा राहतो, मग सांध्यांवर पट्टी आणि रेझिन चोपडायचं. तारेचा पहिला टाका घालून दाखवला तेव्हा सुमन म्हणाली, "हे तर पत्रावळ लावल्यागत झालं." तसंच होतं ते. फक्त बाजूच्या दोन लांब फळ्या भिजून फुगल्या होत्या, पापुद्रे सुटून वेड्यावाकड्या झालेल्या. त्या नव्यानं करणं भाग होतं. पुण्याला भवानी पेठेतून पाण्यात टिकणारा प्लाय आणला, टेम्पोतून, मांडीवर धरून.

आता इथं माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. बीड निवताना आकसतं, फुटामागे एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून नमुना तेवढा मोठा करायचा असतो, आणि दर वेळी हिशेब करत बसायला नको म्हणून आमच्याकडे वेगळी पट्टी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत जास्त. दिसायला साध्या पट्टीसारखीच, टोकाला दोन अक्षरं ठोकलेली असतात एवढाच फरक. माझ्या हत्यारांच्या पेटीत दोन्ही पट्ट्या होत्या. खंडेनवमीला सुमननं रंधे, पटाशा, करवती, सगळं पाटावर मांडून पूजा केली. पट्टीच्या टोकाला कुंकवाचं बोट लावायची तिची दरवर्षीची पद्धत, आणि पूजेचं कुंकू पुसायचं नाही ही माझी. इतक्या नवम्यांच्या कुंकवानं ती अक्षरं बुजून गेली होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाटावरून पट्टी उचलली. हाताला जी सवयीची होती तीच हातात आली.

दिनकर असता तर त्यानं ओळखली असती. दिनकर आमच्या फाउंड्रीतला मोल्डर, पिंपरीचा, माझा जिवाभावाचा दोस्त. माझे नमुने वाळूत दाबायचे ते त्यानंच. पण दसऱ्याला तो दरवर्षीप्रमाणे नागपूरला दीक्षाभूमीवर गेला होता. परत आला तोवर मी दोन्ही फळ्या कापून, तासून, भोकं पाडून तयार ठेवल्या होत्या. त्या दुपारी तो फळी धरून उभा राहिला आणि मी पुढच्या टोकापासून टाके घालत निघालो. पहिले टाके झकास बसले. मग भोकं जराशी सरकायला लागली. मग भोकासमोर भोकच येईना. मागच्या टोकाला पोचलो तर नवी फळी बुडाच्या फळीपुढं दीड इंचाच्या वर बाहेर आलेली.

मी पट्टीचं टोक धोतराला घासलं. कुंकू निघालं, खालची दोन अक्षरं दिसली.

दिनकरला कळायला वेळ लागला नाही. तो गोठ्याच्या दावणीवर बसून पोट धरून हसला. "मिस्त्री, काय काळजी करू नको राव. आता ह्यात बीड ओत. निवलं का बरोबर मापात येतंय."

मला हसू आलं नाही. खरं सांगायचं तर रडू येत होतं. फळी वाया गेल्याचं काही नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःसाठी काही करायला बसलो, आणि माझ्या हातांनी मला न विचारता पुन्हा नमुनाच कापला होता. हे हात आता कंपनीचेच, दुसरं काही यांना यायचं नाही, असं मनानं घेतलं. दोन दिवस मी गोठ्याकडे फिरकलो नाही.

तिसऱ्या दिवशी सुमन म्हणाली, "शेपूट कापून टाका की."

"टोकाचं वळण जाईल. मागनं बोथट दिसेल."

"मग बाकीचं बी त्याच पट्टीनं करा. झंपराची एक बाही मोठी झाली तर दुसरी बी मोठी कापतो आमी. बाई झंपर घालून हिंडती, कुणाला कळतंय?"

असं तिनं सोडवलं. बुडाच्या फळ्या, वरचं झाकण, आतल्या आडव्या चौकटी, सगळं मी पुन्हा केलं, त्याच चुकीच्या पट्टीनं, पण आता समजून उमजून. फर्स्ट शिफ्ट सुटली की सायकलनं घरी, चहा, आणि गोठा. ओव्हरटाइमला नाही म्हणायला लागलो तसं खात्यात लोकांना वाटलं, याच्या घरी काहीतरी आजारपण आहे. शेवटी साहेबाच्या पेटीतलं उरलं ते नकाशा, तार, काचेच्या धाग्यांची पट्टी आणि रेझिन. साहेब स्वतः दिवाळीच्या आधीच कायमचा परत गेला, त्यानं म्हैस पाहिलीच नाही.

ऑक्टोबरचं ऊन लोकांना नको होतं, मला हवं होतं. त्या उन्हात रेझिन असं आवळून यायचं की टिचकी मारली तर टणत्कार. दिनकर रोज येऊन ते बघत बसायचा. वाळूत हात घालून जन्म काढलेला माणूस, पातळ चिकासारखी वस्तू तासाभरात दगड होते याचं त्याला भारी कौतुक. बोटं बुडवायचा, वास घ्यायचा, कापडाच्या चिंध्या भिजवून वाटीवर थापायचा आणि वाळल्या की दुसरी वाटी काढून दाखवायचा. खोकला आला की बाहेर जायचा. खोकला त्याला बरेच दिवस होता. गावातले लोकही डोकावून जायचे. "किती माणसं बसणार?" "एक." "एकच? मग एवढी लांब कशाला?" चाकणच्या बाजारात कांदा घालणाऱ्या माझ्या मेहुण्यानं रिकामी पोती दिली होती. ती उसवून, जोडून सुमननं होडीला पांघरूण शिवलं. त्यामुळं आमची म्हैस कायम कांद्याच्या वासाची राहिली.

शेवटचा हात व्हार्निशचा. पिवळा नाही, काळा नाही, नुसतं व्हार्निश. कुंचला फिरला आणि खालून लाकडाचे रेषे वर आले, लालसर, एकमेकांना धरून चाललेले. मी कुंचला डब्यात ठेवायचा विसरलो. इतकी वर्षं लाकूड हाताळत होतो आणि ते इतकं देखणं असतं हे जणू मला कुणी सांगितलंच नव्हतं.

कार्तिकातल्या एका सकाळी आम्ही ती नदीवर नेली. मी गुडघाभर पाण्यात होडी धरून उभा, पाण्याच्या भीतीनं पुढं पाऊल न टाकणारा. सुमननं कासोटा खोचला आणि आत बसली. आधी दोन गिरक्या झाल्या, मग वल्हं तिच्या हाताला समजलं आणि म्हैस सरळ निघाली. काठावर धुणं धुणाऱ्या बायका ओरडल्या, "अगं सुमे, आमाला बी घे की!" पाणी फळ्यांवरून मणी होऊन घरंगळत होतं. गाळणं नाही, ओतणं नाही, वाळू नाही. मी केलेलं लाकूड लाकूड म्हणूनच नदीवर चाललं होतं आणि त्यात माझं माणूस बसलं होतं. मला भरून आलं, मी ते लपवलंही नाही.

आणि मग दिनकर आला, हातात टेप घेऊन. भोसरीत त्यानं एक पत्र्याची शेड बघितली होती. डॉक्टरांनी त्याला वाळूपासून लांब राहायला सांगितलं होतं, खोकला साधा नव्हता. कुठल्याशा बोट क्लबला फायबरच्या होड्या हव्या होत्या. रेझिन त्याला जमलं होतं, काचेच्या धाग्यांचं कापड मिळत होतं. नव्हता तो फक्त नमुना. बोलता बोलता त्यानं म्हैस या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजली, नकाशाशी ताडून बघितली, आणि त्याचे डोळे चमकले.

"मिस्त्री, फायबर बी थोडं आकसतं. आन तू तर आकस धरूनच केलीयस. ही होडी न्हाई राव, हा पॅटर्न हाय. तुला कळलं न्हाई एवढंच."

त्याला माझं कौतुक करायचं होतं. मला मात्र कुणीतरी कानफटात मारल्यासारखं झालं. मी फाडकन नाही म्हणालो. साचा काढायचा म्हणजे तिच्यावर मेण चोपडायचं, वर फायबर थापायचं. चिकटली तर फाडूनच निघणार. आणि नाही चिकटली तरी एकदा साचा काढला की तिची किंमत साच्यापुरती. मग नंबर, मग मांडणी. हे मी जन्मभर बघत आलो होतो. दिनकर टेप गुंडाळून गेला. फाटकापाशी तो खोकत उभा राहिलेला मला ऐकू येत होता.

कितीतरी दिवस माझं जेवणात लक्ष लागलं नाही. दिनकरला नाही म्हणणं जमत नव्हतं आणि हो म्हणणंही जमत नव्हतं. खात्यात तो समोरून गेला की मी उगाच रंध्याची पातं काढून बसायचो. अखेर सुमनच म्हणाली, "द्या त्याला. त्याच्या छातीत वाळू भरलीय, तुमी लाकडाचं घेऊन बसलाय. जराशी झिजंल, झिजू द्या. पण तिथं ठेवायची न्हाई. काम झालं का परत आणायची."

मी दिनकरला एकच अट घातली. साच्यातून होडी काढायची ती मी.

शेडमध्ये म्हैस पालथी घातली होती. मेणाचे हात मीच दिले, आरशासारखी होईपर्यंत. वर त्याचं फायबर चढलं आणि आमची होडी त्या पांढऱ्या कवचाखाली दिसेनाशी झाली. ते वाळल्यावर एका थंड सकाळी आम्ही जमलो. शेजारच्या शेडमधले लोकही आले होते. सगळं उलटं केलं, कडेच्या फटीत पाणी ओतलं, आणि मी लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकायला लागलो. टोकापासून पोटाकडे, पोटापासून टोकाकडे. सुमन दारात उभी होती, पदर तोंडात धरून. कितीतरी वेळ काहीच हललं नाही. मागच्या टोकाशी, जिथं ते दीड इंच जास्तीचं होतं तिथंच, काहीतरी कर्रकन वाजलं आणि मी हातोडी थांबवली. वाटलं, गेली.

गेली नव्हती. मेण सुटलं होतं. पाणी आत शिरलं तसं म्हैस आपल्याआपण वर उचलली गेली. मी आणि दिनकरनं ती दोन्ही टोकांना धरून सरळ वर काढली आणि बाजूला पोत्यांवर ठेवली.

एकच गलका झाला. सगळे साच्यावर वाकले. आत डाग नाही, बुडबुडा नाही, नितळ. दिनकर तर आत उतरून बसला, भिंतींवरून तळहात फिरवत, "आयला, आयला" करत, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कुणी पाठ थोपटत होतं, कुणी चहा सांगत होतं. पोत्यांवर ठेवलेल्या होडीकडे कुणीही वळून पाहिलं नाही. फाउंड्रीत असंच असतं. मला त्याचा राग आला नाही, आश्चर्य याचंच वाटलं.

सुमन दारातून आत आली आणि तिनं होडीचं एक टोक धरलं. दुसरं मी. हातगाडी बाहेर होतीच.

दापोडीवरून नदीपर्यंत आम्ही ती ढकलत आणली. कुठं कुठं मेणाचे पांढरे ओघळ राहिले होते, बुडाला एक लांब ओरखडा पडला होता. पाणी बर्फासारखं गार होतं. सुमन गुडघ्यापर्यंत शिरली, होडीचं मागचं टोक तिनं दोन्ही हातांनी धरलं आणि मला म्हणाली, "बसा." तोवर मी तिच्यात एकदाही बसलो नव्हतो. नाही म्हणायची सवय होती, पण त्या दिवशी बसलो. पाय लांब केले. पातळ प्लायच्या पलीकडून नदी तळपायांना हलकेच लागत होती.

"सोडू का?" मागून सुमननं विचारलं.

मी दोन्ही हात कडेच्या लाकडावर ठेवले.

"सोड," मी म्हणालो.